शेवटचे तीन दिवस

गेल्या वर्षी वसुबारसेच्या आदल्या रात्री आमच्या घरी कोणी झोपले नाही. फराळाची घाई हे त्याचे कारण नव्हे. ओसरीवरच्या लाकडी पेटीत, विजेच्या दिव्याच्या उबेत ठेवलेली बारा अंडी एकविसाव्या दिवसाला टेकली होती, आणि त्यांतल्या एकाला बारीकसे भोक पडले होते. आतून चिवचिव ऐकू येई. पण चार तास उलटले तरी भोक मोठे होईना. धाकटीचा जीव कासावीस झाला. “बाबा, त्याला बाहेर काढा ना!” मी झाकण उघडले आणि नखाने टरफल सोलू लागलो. आतल्या पापुद्र्यावर रक्त उमटले. पहाटे ते पिलू गेले.

त्यानंतर मी उबवणीचा इतिहास धुंडाळू लागलो. कोंबडीचे काम आपल्या हाती घेण्याचा माणसाचा हव्यास फार जुना! ॲरिस्टॉटलने सिराक्यूसच्या एका मद्यप्याची गोष्ट नोंदवली आहे. हा गृहस्थ चटईखाली अंडी पुरून ठेवी आणि पिले निघेपर्यंत पीत बसे. रोमची लिव्हिया गरोदर असताना, मुलगा होणार की मुलगी हे पाहण्यासाठी, एक अंडे उराशी धरून उबवीत होती असे प्लिनी सांगतो. तिला ते खाली ठेवावे लागले, की दाई ते आपल्या उराशी घेई. अंड्यातून नर निघाला, आणि पुढे जन्मलेला मुलगा म्हणजे सम्राट टायबेरिअस.

पण ही कला खरी जोपासली ती इजिप्तने. तेथे कच्च्या विटांच्या दुमजली भट्ट्या असत. खालच्या खणात हजारो अंडी आणि वरच्या खणात शेणाची, भुसकटाची मंद आग. नाईलच्या मुखप्रदेशातील बिरमा गावचे लोक या कामात वाकबगार होते. बापाकडून मुलाकडे ही विद्या जाई. तापमापक नव्हता. अंडे पापणीला लावून ते ऊब पारखीत. तीन अंड्यांमागे दोन पिले परत द्यायची, असा त्यांचा करार अठराव्या शतकातील वर्णनांत आढळतो. आणि गंमत अशी, की निम्मे दिवस लोटले की हे लोक आग विझवून टाकीत! वाढत्या पिलांच्या अंगचीच ऊब आता भट्टीला पुरते, हे त्यांना अनुभवाने कळले होते.

फ्रान्सच्या रेओम्यूरने १७४९ साली या विद्येवर ग्रंथ लिहिला. स्वतःच्या नावाचा तापमापक घडवणारा हा शास्त्रज्ञ. त्याने कुजत्या खताच्या उबेवर पिले काढून पाहिली. इंग्लंडात हिअरसनने १८८१ साली आपोआप उष्णता आवरणारी कुपी उबवणी पेटीला जोडली, आणि रात्रभर जागणाऱ्या राखणदाराची गरज सरली. याच सुमारास पॅरिसमध्ये तार्निए नावाच्या प्रसूतितज्ज्ञाने प्राणिबागेत पिलांची पेटी पाहिली. त्याच्या मनात आले, अपुऱ्या दिवसांच्या बाळांना अशी ऊब का मिळू नये? त्याने तशी पेटी बनवून घेतली. तिच्यामुळे दोन हजार ग्रॅमांहून कमी वजनाच्या बाळांचे मृत्युप्रमाण शेकडा ६६ वरून ३८ वर आले, असे त्याच्या रुग्णालयाचे आकडे सांगतात.

असा हा उबेचा इतिहास. आज साडेसदतीस अंशांची ऊब राखणारे यंत्र घरोघर मिळते. पण शेवटचे तीन दिवस यंत्राचे नव्हेत, माणसाच्या धीराचे. अठराव्या दिवसानंतर अंडी फिरवायची नाहीत; पेटीत ओलावा वाढवायचा, आणि झाकण लावून हात मागे घ्यायचे. झाकण उघडले की ओल जाते, पापुद्रा सुकतो आणि पिलाला चिकटून बसतो. भोक पाडल्यावर पिलू बराच वेळ, कधी जवळजवळ एक दिवस, स्वस्थ असते. ते अडलेले नसते! तेवढ्या अवधीत पापुद्र्यातले रक्त अंगात परतते आणि उरलेला बलक पोटात ओढला जातो. त्या बलकाच्या शिदोरीवर पिलू जन्मल्यावरही दोन दिवस दाण्यापाण्यावाचून राहू शकते. म्हणून बाहेर आलेल्यालाही लगेच उचलण्याची घाई नको. मी त्या रात्री जे सोलले ते टरफल नव्हते. त्याचा उरलेला वेळ होता.

खुडूक कोंबडीला हे कोणी शिकवीत नाही. ती नुसती बसून राहते. बिरमाच्या भट्टीवाल्यांनाही आग कधी विझवावी ते ठाऊक होते. मुलांना वाढवणाऱ्या आपणां शिक्षकांना आणि आईबापांना मात्र ते पुनःपुन्हा शिकावे लागते.

यंदाही पेटीत अंडी आहेत. काल अठरावा दिवस होता. धाकटीने झाकणावर वरवंटा आणून ठेवला आहे. म्हणाली, “बाबा, हा तुमच्यासाठी.”