वेबसाइटच्या फॉर्ममध्ये लिहिलेलं मराठी ????? का होतं? आणि मेसेज वाचवायचा कसा?

समजा, तुम्ही एका वेबसाइटच्या 'संपर्क' पानावर मराठीत सविस्तर तक्रार लिहिली. सबमिट दाबलं, हिरवी टिक आली. दोन दिवसांनी उत्तर येतं, "तुमचा मेसेज वाचता येत नाही, पुन्हा पाठवा." खाली तुमचाच मेसेज: ????? ???? ??????.

हिरव्या टिकचा अर्थ फॉर्म पोहोचला एवढाच. मजकूर नीट पोहोचला की नाही, हे ती सांगत नाही. पण समोर नेमका कोणता कचरा दिसतोय, त्यावरून तुमचे शब्द अजून जिवंत आहेत की कायमचे गेले, हे ओळखता येतं.

आधी थोडं बेसिक

कॉम्प्युटर अक्षरं साठवत नाही, आकडे साठवतो. जुन्या आस्की पद्धतीत फक्त 128 चिन्हांना जागा होती, त्यात देवनागरी नव्हतीच. 1991 मध्ये युनिकोडची पहिली आवृत्ती आली आणि जगातल्या लिप्यांना एकाच यादीत क्रमांक मिळू लागले. त्या यादीत 'म' चा क्रमांक आहे 2350.

हे क्रमांक साठवायची आज सगळ्यात जास्त वापरली जाणारी पद्धत म्हणजे यूटीएफ-8. तिच्यात साधं इंग्रजी अक्षर 1 बाइट घेतं, देवनागरीचं प्रत्येक चिन्ह 3 बाइट आणि बहुतेक इमोजी 4 बाइट.

तुमचा मेसेज वेबपेज, सर्व्हर, डेटाबेस आणि शेवटी ईमेल असा प्रवास करतो. यातल्या एकाही ठिकाणी वेगळी पद्धत वापरली की गडबड होते.

कचरा बघून रोग ओळखा

1. ????? : मधल्या कुठल्यातरी टप्प्याला देवनागरी माहीतच नव्हती. त्याने प्रत्येक चिन्हाच्या जागी प्रश्नचिन्ह टाकलं. 'मराठी' मध्ये म, र, काना, ठ आणि वेलांटी अशी पाच चिन्हं, म्हणून पाच प्रश्नचिन्हं. त्या प्रतीतला मूळ मजकूर गेला, तो परत काढता येत नाही. मेसेज पुन्हा पाठवावाच लागेल.

2. डोक्यावर तिरकी रेघ असलेला छोटा रोमन 'ए' पुन्हा पुन्हा, मध्ये विचित्र चिन्हं : इथे बाइट शाबूत आहेत, फक्त वाचताना चुकीची पद्धत लावली. समोरच्याने एन्कोडिंग बदलून यूटीएफ-8 केलं की बहुतेक वेळा मराठी परत दिसतं.

3. &#2350;&#2352;&#2366; : वेबपेज जुन्या एन्कोडिंगमध्ये आहे. त्यात न बसणारी अक्षरं ब्राउझरने क्रमांकाच्या रूपात पाठवली. दिसायला भयंकर, पण काहीच हरवलेलं नाही.

4. रिकामे चौकोन □□□ : बहुतेक वेळा त्या मशीनवर देवनागरी फॉन्ट नसतो. मजकूर ठणठणीत आहे, दुसऱ्या फोनवर उघडून बघायला सांगा.

फॉर्म मराठी घेतच नाही तेव्हा

'नाव चुकीचं आहे' असा लाल मेसेज आला, तर चूक नावात नसते. फॉर्म फक्त ए ते झेड तपासत असतो. काही डेव्हलपर सुधारणा करतात आणि 'कुठल्याही भाषेचं अक्षर चालेल' असा नियम लावतात. तरी 'मराठी' नापास होतं! कारण युनिकोडमध्ये म, र, ठ ही अक्षरं आहेत, पण काना, वेलांटी आणि पाय मोडायचं चिन्ह वेगळ्या गटात येतात. नियमात तो गटही लिहावा लागतो.

दुसरा घोळ लांबीचा. 'श्रीकृष्ण' आपल्याला तीन अक्षरं वाटतात. युनिकोडच्या हिशोबात ती 9 चिन्हं आणि यूटीएफ-8 मध्ये 27 बाइट. मर्यादा 100 बाइटची असेल, तर देवनागरीची जेमतेम 33 चिन्हं बसतात आणि पुढचं वाक्य अर्धवट तुटतं.

तिसरा घोळ आकड्यांचा. मराठी कीबोर्डवरून आलेला '९' आणि साधा '9' यांचे क्रमांक वेगळे आहेत. मोबाइल नंबरचा रकाना अनेकदा फक्त दुसरा ओळखतो.

तुम्ही काय कराल?

- मोठा मेसेज आधी नोट्स ॲपमध्ये लिहा, मग फॉर्ममध्ये पेस्ट करा. ????? झालं तरी मूळ प्रत तुमच्याकडे राहील.
- 'मला प्रत पाठवा' असा पर्याय असेल तर टिक करा आणि आलेला ईमेल उघडून वाचा.
- मोबाइल नंबर, पिनकोड आणि ईमेल इंग्रजी कीबोर्डवरूनच टाका.
- नाव मराठीत घेत नसेल, तर ओळखपत्रावर आहे तेच इंग्रजी स्पेलिंग वापरा.
- महत्त्वाच्या तक्रारीत इमोजी नको. काही जुन्या डेटाबेसमध्ये 3 बाइटचं मराठी बसतं, पण 4 बाइटचा इमोजी आला की त्याच्यापुढचा सगळा मजकूर कापला जाऊ शकतो.
- श्रीलिपी किंवा शिवाजीसारख्या जुन्या फॉन्टमधला मजकूर थेट पेस्ट करू नका. तिथे आत रोमन अक्षरं आणि चिन्हं असतात, वरून फक्त मराठी आकार दिसतो. आधी युनिकोडमध्ये बदलून घ्या.
- फाइल जोडायची सोय असेल, तर तोच मजकूर पीडीएफ करूनही जोडा.

साइट तुमची असेल तर

वेबपेज, डेटाबेस आणि ईमेल या तिन्ही ठिकाणी यूटीएफ-8 ठेवा. मायएसक्यूएल वापरत असाल तर साधं 'यूटीएफ8' निवडू नका, त्यात पूर्वापार 3 बाइटचीच सोय आहे. 'यूटीएफ8एमबी4' निवडा. मग स्वतःच्याच फॉर्ममधून एक मेसेज पाठवून बघा: 'श्रीकृष्ण दऱ्याखोऱ्यांत फिरला', शेवटी एक इमोजी. तो इनबॉक्समध्ये जसाच्या तसा आला, तर फॉर्म मराठीसाठी बऱ्यापैकी तयार आहे असं समजा.

आणि तुम्ही फक्त फॉर्म भरणारे असाल, तर बिघडलेल्या मेसेजचा स्क्रीनशॉट साइटवाल्यांना नक्की पाठवा. इंग्रजीत टेस्ट करणाऱ्याला ही चूक कधी दिसतच नाही.