दुष्काळी कामाची वंशावळ

1874 साली बिहारमध्ये ब्रिटिश अधिकारी सर रिचर्ड टेंपल यांनी ब्रह्मदेशातून तांदूळ आणून दुष्काळ निभावून नेला. माणसे वाचली, पण खर्च फार झाला म्हणून साहेबांना बोलणी खावी लागली. तीन वर्षांनी दख्खनमध्ये त्यांनी ती कसर भरून काढली. दुष्काळी कामावरच्या पुरुषाची मजुरी एक पौंड, म्हणजे अर्ध्या किलोहूनही कमी धान्याची किंमत आणि वर एक आणा, इतकी खाली आणली. हजारो मजूर काम टाकून उठले. पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची कैफियत सरकारदरबारी मांडली. तरी लाखो माणसे गेली.

त्यातून 1880 चा दुष्काळ आयोगाचा अहवाल आणि पुढे ‘फॅमिन कोड’ ही दुष्काळी नियमावली आली. काम केव्हा काढायचे, मजुरी किती द्यायची, हे कागदावर आले. मात्र दुष्काळ आहे की नाही, हे ठरवायचे सरकारनेच. 1896 च्या दुष्काळात टिळकांनी आणि सभेच्या माणसांनी कोडमधली कलमे गावोगाव समजावून सांगितली. सरकारने सभेची मान्यताच काढून घेतली. स्वतःचेच नियम रयतेला कळलेले राज्यकर्त्यांना रुचले नाहीत!

महाराष्ट्रातला 1972 चा दुष्काळ जुन्या माणसांना अजून आठवतो: अमेरिकेची मिलो ज्वारी, कामावरची सुकडी, खडी फोडून सोललेले हात. मे 1973 मध्ये दुष्काळी कामांवर सुमारे 50 लाख मजूर होते. जनावरे गेली, माणसांचे हाल झाले, पण 1877 सारखे मृत्यूचे थैमान झाले नाही. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी तासगाव तालुक्यात आधीच करून पाहिलेल्या रोजगार हमीचा अनुभव हाताशी होता. शिवाय विधिमंडळात जाब विचारणारे विरोधक होते आणि रस्त्यावर मोर्चे होते. माझ्या मते पाटबंधाऱ्यांच्या बरोबरीने या गोष्टींनी माणसे तगवली.

महाराष्ट्राच्या 1977 च्या रोजगार हमी कायद्याने काम हा हक्क झाला. पैसा शहरातल्या पगारदारांच्या व्यवसाय करातून आला. मागणीनंतर पंधरा दिवसांत काम नाही, तर बेकारी भत्ता. 2005 च्या केंद्रीय कायद्यानेही हीच मुदत घेतली.

आता पाऊस महिना-महिना दडी मारतो आणि मग एका रात्रीत शेत धुऊन नेतो. अशा वर्षी पंधरा दिवसांच्या मुदतीला फार मोल आहे. भत्ता मात्र क्वचितच मिळतो, कारण अर्जाची नोंदच होत नाही. म्हणून काम मागताना तोंडी सांगून परतू नका. तारीख घातलेली पोच मागून घ्या.