कार्डाची कुळकथा

नातू परवा वापरलेलं आरटीएक्स ३०८० घ्यायला निघाला. वर्षभर साठवलेले पैसे. मी पडलो इतिहासाचा मास्तर, आधी कार्डाची कुळकथा विचारली. २०२० साली आलेली ही कार्डं अनेकांनी इथेरियमचं आभासी चलन मिळवायला रात्रंदिवस राबवली. १५ सप्टेंबर २०२२ ला इथेरियमची पद्धत बदलली, ते काम संपलं आणि ढिगानं कार्डं जुन्या बाजारात आली. म्हणून विकणाऱ्यासमोरच तासभर चालवून पंखे, तापमान बघावं. शिवाय हे एकटं ३२० वॅट खातं. कंपनी ७५० वॅटचा पॉवर सप्लाय सुचवते. नातवाकडे ४५०चा! म्हटलं, "बाळा, बैल जुना चालेल, जू मोडकं नको." दोन्हींना पैसे पुरेनात, तेव्हा स्वारी थांबली आहे. असो.