चौथीपुढची वाट

वर्धा जिल्ह्यातील उन्हाळा शाळांना लवकर उघडू देत नाही. राज्यात इतरत्र जूनच्या मध्यास वर्ग भरू लागतात तेव्हा येथील मुले अजून सुटीवरच असतात, आणि जूनच्या अखेरीस शाळेची घंटा वाजते ती मृग सरून आर्द्रा लागलेल्या, कपाशीच्या लागवडीसाठी घरातील होता नव्हता तो पैसा बियाण्याखतात गुंतलेल्या दिवसांत. ज्या घरचे मूल गावची शाळा संपवून तालुक्याच्या हायस्कुलात जावयाचे असते, त्या घरच्या बापाला याच पंधरवड्यात वावरातील काम अर्धवट टाकून दाखल्यासाठी जुन्या शाळेत, उत्पन्नाच्या प्रमाणपत्रासाठी तहसील कचेरीत आणि प्रवेशासाठी नव्या शाळेत खेटे घालावे लागतात. एका शाळेतून दुसऱ्या शाळेत जाणे ही वरवर पाहता साधी गोष्ट. परंतु या जिल्ह्याच्या शिक्षणाचा इतिहास चाळला म्हणजे दिसून येते की कोणी पुढे जावे आणि कोणी मागे राहावे, याचा निवाडा पिढ्यानपिढ्या याच पायरीवर होत आला आहे. आणि ही पायरी इतकी उंच का असावी, हा मूलगामी प्रश्न साऱ्या देशापुढे ठेवण्याचे श्रेयही याच जिल्ह्याकडे जाते.

वर्धा जिल्हा नागपूर जिल्ह्यातून वेगळा काढण्यात आला तो १८६२ साली. आरंभी जिल्ह्याचे ठाणे पुलगावजवळच्या कवठा येथे होते; पुढे १८६६ मध्ये पालकवाडी नावाच्या लहानशा खेड्याच्या जागी आखीव रस्त्यांचे नवे शहर वसवून कचेऱ्या तेथे आणण्यात आल्या. लोहमार्ग आला, हिंगणघाटच्या कापसाला दूरदूरच्या बाजारपेठा मोकळ्या झाल्या, आणि मालगुजारीच्या दफ्तरांपासून रेल्वेच्या मालधक्क्यापर्यंत सर्वत्र लिहिणाऱ्या हातांची गरज उत्पन्न झाली. जमाबंदीचा हिशेब, अदालतीतील दरखास्ती, पेढीवरील पत्रव्यवहार ही कामे ज्याला येत, त्याला कारकुनीची जागा मिळे. आणि वरिष्ठ कचेरीत कारकुनी मिळावयाची तर इंग्रजी यावयास हवे, इंग्रजी यावयाचे तर हायस्कुलात जावयास हवे, अशी ही साखळी असल्यामुळे हायस्कूल हे विद्येचे मंदिर होण्यापूर्वीच लोकांच्या मनात नोकरीचे प्रवेशद्वार होऊन बसले.

त्या काळच्या मध्यप्रांतातील शिक्षणाची रचना ध्यानात घेतली म्हणजे ही वाट किती बिकट होती ते उमगते. गावच्या मराठी शाळेत चार इयत्ता, त्यानंतर मिडल स्कूल, त्यानंतर हायस्कूल आणि शेवटी मॅट्रिकची परीक्षा. चौथीपर्यंत मुलाने पाढे पाठ केलेले असत, मोडी वळण गिरविलेले असे, रामाच्या व पांडवांच्या गोष्टी मातृभाषेत वाचलेल्या असत. आणि पुढे पाऊल टाकताच परक्या भाषेची अक्षरे, परके शब्दोच्चार आणि कालांतराने त्याच भाषेतून गणित व इतिहास त्याच्यासमोर उभे राहत. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात मध्यप्रांतातील हायस्कुलांत देशी भाषांना माध्यम म्हणून हळूहळू स्थान मिळू लागले तेव्हा हा भार काहीसा हलका झाला. तरी इंग्रजीत नापास म्हणजे सर्वच विषयांत नापास, ही समजूत मात्र घट्ट राहिली.

भाषेइतकाच दुसरा अडसर अंतराचा होता. हायस्कुले शहरात आणि मुले खेड्यांत. आर्वीकडच्या किंवा समुद्रपूरकडच्या एखाद्या शेतकऱ्याने मुलाला पुढे शिकवावयाचे ठरविले, तर फीपेक्षाही आधी मुलाच्या राहण्याजेवणाची तजवीज त्याला करावी लागे. ज्याचा आतेभाऊ किंवा मावसा शहरात असे, त्याचे मूल त्या नात्याच्या आधाराने ओसरीवर पथारी टाकी. ज्याला असा आधार नसे, त्याच्यासाठी मराठी मुलुखात वार लावून जेवण्याची जुनी रीत होती. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या घरी, असे आठवड्याचे सात वार सात घरांत विभागून घ्यावयाचे, आणि एखादा वार रिकामा राहिला तर त्या दिवशी अर्धपोटी शाळेत जावयाचे. या रीतीने कित्येक गरीब मुलांना विद्या दिली हे कृतज्ञतेने नमूद केले पाहिजे. पण त्याबरोबर हेही सांगितले पाहिजे की वार मिळत ते प्रायः जात पाहून मिळत. अस्पृश्य मानलेल्या मुलाला वर्गातच दूर बसावे लागे, तेथे त्याच्यासाठी सात घरे कोठून उघडणार? आणि मुलीने शिक्षणासाठी परगावी राहावे हा विचारही बहुतेक घरांच्या कल्पनेत शिरत नसे. हायस्कुलाची तयारी ही अशा रीतीने अभ्यासाची तयारी नव्हतीच. ती नात्यागोत्याची, जातीची आणि पैशाची तयारी होती, आणि जिच्यापाशी ही तयारी नव्हती अशी पुष्कळ बुद्धी चौथीतच थांबली.

अशा थांबलेल्यांपैकीच एकाने वर्ध्याच्या शिक्षणाला निराळे वळण लावले. जमनालाल बजाज यांचा जन्म १८८९ सालचा, राजस्थानातील सीकरकडचा. वर्ध्याच्या बच्छराज यांच्या घराण्यात ते दत्तक आले आणि मराठी शाळेच्या चौथ्या इयत्तेपर्यंत शिकून पेढीच्या व्यवहारात पडले. गरिबीने त्यांची वाट अडविली नव्हती, व्यापारी घराण्यांतील तत्कालीन रिवाजाने ती तेथे संपली. परंतु स्वतः जेथवर शिकले त्याच्या पुढचे शिक्षण इतरांना सुलभ व्हावे ही तळमळ त्यांनी आयुष्यभर बाळगली. त्यांच्या पुढाकाराने वर्ध्यात विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह झाले, मारवाडी विद्यालय उभे राहिले, आणि हेच विद्यालय पुढे नवभारत विद्यालय या नावाने ओळखले जाऊ लागले. शाळेबरोबर वसतिगृह हा त्यांचा दृष्टिकोन विशेष लक्षणीय आहे. कारण खेड्यातील मुलाला शाळेआधी छप्पर लागते, ही गोष्ट पुस्तकी शिक्षणतज्ज्ञापेक्षा व्यवहारी माणसाच्या ध्यानात लवकर येते.

या विद्यालयाचा रौप्यमहोत्सव १९३७ साली आला. त्या वर्षी प्रांतोप्रांती काँग्रेसची मंत्रिमंडळे अधिकारारूढ झाली होती, आणि महात्मा गांधी, जे १९३६ पासून वर्ध्याजवळच्या शेगाव या खेड्यात राहावयास आले होते, ते ‘हरिजन’ पत्रातून शिक्षणाच्या पुनर्रचनेचा विचार मांडीत होते. रौप्यमहोत्सवाच्या निमित्ताने संस्थेचे श्रीमन्नारायण अग्रवाल यांनी देशभरच्या शिक्षणतज्ज्ञांची परिषद वर्ध्यास बोलाविण्याचे योजिले, आणि २२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजी गांधीजींच्या अध्यक्षतेखाली ती भरली. विनोबा, काका कालेलकर, डॉ. झाकिर हुसेन, प्रा. के. टी. शहा, मुंबई इलाख्याचे मुख्यमंत्री बाळासाहेब खेर, मध्यप्रांताचे शिक्षणमंत्री रविशंकर शुक्ल अशी मंडळी तेथे जमली. एका हायस्कुलाने आपल्या पंचविसाव्या वर्षी ज्ञानवंतांना निमंत्रण द्यावे आणि त्यांनी हायस्कुलाच्या प्रचलित पद्धतीचीच मुळापासून चिकित्सा करावी, हे दृश्य त्या संस्थेच्या उदार मनाची साक्ष देते.

झाकिर हुसेन यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीत वर्ध्याचे श्रीकृष्णदास जाजू, मगनवाडीचे जे. सी. कुमारप्पा, किशोरलाल मश्रुवाला, आणि शांतिनिकेतनातून वर्ध्यास आलेले आर्यनायकम् व आशादेवी हेही होते. डिसेंबरात सादर झालेल्या अहवालाने सातव्या वर्षापासून चौदाव्या वर्षापर्यंत, सलग सात वर्षांचे, मोफत व सक्तीचे, मातृभाषेतील शिक्षण सुचविले. या योजनेचे दैनिक वेळापत्रक आजही वाचण्याजोगे आहे : साडेपाच तासांच्या शाळेपैकी ३ तास २० मिनिटे मूलोद्योगाला, म्हणजे सूतकताई, शेती किंवा सुतारकाम यांसारख्या कामाला, मातृभाषेला ४० मिनिटे, संगीत, चित्रकला व गणित मिळून ४० मिनिटे, समाजशास्त्र व सामान्य विज्ञान ३० मिनिटे, व्यायामाला १० आणि मधल्या सुटीला १०. इंग्रजीला स्थान नव्हते. आपल्या विषयाच्या दृष्टीने या योजनेतील महत्त्वाची गोष्ट अशी की चौथीच्या शेवटी जो तुटलेला कडा होता, तोच तिने नकाशावरून पुसून टाकला. सात वर्षे एकाच भाषेत, एकाच कामाच्या आधाराने आणि घराच्या शक्य तितक्या जवळ मूल वाढणार. चौदाव्या वर्षी ते शाळेबाहेर पडेल तेव्हा त्याच्यापाशी मॅट्रिकच्या तोडीचे, इंग्रजी वगळून, ज्ञान असेल आणि हातात कसबही असेल, ही त्यामागची अपेक्षा होती.

ही योजना राबविण्यासाठी १९३८ मध्ये हिंदुस्थानी तालीमी संघाची स्थापना झाली आणि सेवाग्राम, म्हणजे पूर्वीचे शेगाव, ही या प्रयोगाची भूमी ठरली. कारावासातून सुटून आल्यानंतर गांधीजींनी जानेवारी १९४५ मधील सेवाग्रामच्या परिषदेत या शिक्षणाची, म्हणजे ‘नई तालीम’ची, व्याप्ती सात वर्षांवरून संपूर्ण आयुष्यापर्यंत वाढविली. तेव्हापासून पूर्वबुनियादी, बुनियादी (म्हणजे पायाभूत), उत्तरबुनियादी व उत्तमबुनियादी असे टप्पे मानले जाऊ लागले, आणि त्यांच्या जोडीला आईबापांचे म्हणजे प्रौढांचे शिक्षणही आले. हायस्कुलाच्या वयाचा जो टप्पा, त्याला येथे उत्तरबुनियादी म्हणत. त्यात मुलांनी शेतात, गोशाळेत, रसोड्यात श्रम करून आपल्या जेवणखर्चाचा भार आपणच उचलावा अशी अपेक्षा असे. वार लावून जेवणाऱ्या मुलाला जे दुसऱ्याच्या दारी मिळत होते, ते येथे स्वतःच्या श्रमाने मिळवावयाचे होते. आणि रसोड्यात कोणत्या जातीचा हात लागला हा प्रश्नच उरत नव्हता. पुढे १९४९ पासून मार्जोरी साइक्स यांच्यासारख्या शिक्षिकेनेही येथे काम केले.

हा प्रयोग देशभर का रुजला नाही, याचा विचार प्रामाणिकपणे केला पाहिजे. मुलांच्या कष्टाच्या उत्पन्नावर शाळा चालावी या कल्पनेला प्रा. के. टी. शहा यांनी परिषदेतच विरोध केला होता, आणि शाळेचा कारखाना होईल ही भीती निराधार नव्हती. परंतु अधिक खोल कारण आईबापांच्या मनात होते. ज्या शेतकऱ्याने व मजुराने पिढ्यानपिढ्या हातांनीच काम केले, त्याला आपल्या मुलाने शाळेतही टकळी फिरवावी हे पटेना. शहरातल्या मुलांना इंग्रजी आणि आमच्या मुलांना सूत, हा पक्षपात नव्हे काय, असे त्याला वाटे, आणि जोवर सरकारी नोकऱ्या मॅट्रिकच्या सनदेवर मिळत होत्या तोवर त्याचे म्हणणे चुकीचे ठरविता येत नव्हते. बदलावयाची होती ती समाजातील श्रमाची प्रतिष्ठा. ती न बदलता केवळ शाळा बदलू पाहिल्याने योजना एकाकी पडली.

स्वातंत्र्यानंतर पायरी दुसऱ्या मार्गांनी खाली आली. १९५६ साली जिल्हा मुंबई राज्यात व १९६० मध्ये महाराष्ट्रात समाविष्ट झाला. १९६२ साली जिल्हा परिषदा आल्या आणि प्राथमिक शाळा गावोगाव पोहोचल्या. शिक्षणसंस्थांनी तालुक्यांत व मोठ्या गावांत हायस्कुले काढली. १९७५ मध्ये दहावीची पहिली परीक्षा होऊन अकरावीच्या जुन्या मॅट्रिकचा अंमल संपला. कोठारी आयोगाने सुचविलेल्या कार्यानुभवाच्या रूपाने सेवाग्रामच्या विचाराचा एक क्षीण प्रवाह अभ्यासक्रमात राहिला. मुलींना एसटीचा प्रवास मोफत झाला, आणि सकाळी पाठीवर दप्तर घेऊन फाट्यावर बसची वाट पाहणाऱ्या मुली हे या जिल्ह्याचे नित्याचे चित्र झाले. १ एप्रिल २०१० पासून अमलात आलेल्या शिक्षणहक्क कायद्याने आठवीपर्यंतचे शिक्षण मुलाचा हक्क ठरविले. सलग, मोफत व सक्तीच्या शिक्षणाची १९३७ ची मागणी अशी त्र्याहत्तराव्या वर्षी कायद्यात उतरली.

तरीही गावची शाळा सोडून पाचवीत वा आठवीत नव्या शाळेत जाणाऱ्या मुलाची धडधड संपलेली नाही. एका गुरुजींच्या जागी विषयागणिक निराळे शिक्षक येतात; चाळीस घरांच्या गावातून आलेले मूल अनोळखी गर्दीत बसते; दिवाळीच्या सुमारास कापूस वेचणीला आला की शेतमजुराच्या घरी त्याच्या दोन हातांची आठवण होते, आणि महिनाभराची गैरहजेरी हळूहळू शाळा सुटण्यात परिणत होते. या जिल्ह्याच्या इतिहासाने जे शिकविले ते या ठिकाणी उपयोगी पडावे. पहिले हे की मुलाची खरी तयारी त्याच्या भाषेत आहे : वाचलेला उतारा स्वतःच्या शब्दांत सांगता येणे, मनातील शंका उभे राहून विचारता येणे, हे ज्याला मराठीत साधले त्याला इंग्रजीही पुढे साधते. दुसरे हे की स्वावलंबन लहान वयातच यावे. आपले दप्तर, डबा, बसची वेळ व पैशाचा हिशेब सांभाळणारे मूल नव्या शाळेत बावरत नाही. आणि तिसरे, सर्वांत महत्त्वाचे, हे की आईबापांना शाळेने दाखल्याच्या खिडकीपुरते ओळखू नये. प्राथमिक शाळेच्या गुरुजींनी उन्हाळ्यापूर्वीच पालकांना एकत्र बोलावून दाखला, प्रमाणपत्रे व बसपास यांची माहिती द्यावी, हायस्कुलाच्या शिक्षकांनी एकदा गावात यावे, मुलांना एप्रिलातच नवी शाळा पाहावयास न्यावे. एवढे केले तरी पेरणीच्या घाईतील निम्मी धावपळ वाचेल आणि वेचणीच्या दिवसांत मूल घरी राहिले तर त्याची चौकशी करणारे कोणी तरी ओळखीचे असेल.

सेवाग्राममध्ये नई तालीम समितीने २००५ पासून आनंद निकेतन ही मराठी माध्यमाची शाळा चालविली आहे. तेथील मुले कापूस, भाजीपाला व स्वयंपाक यांतून गणित-विज्ञान शिकतात. प्रत्येक शाळा तशी होणे शक्य नाही, आणि आज पालकांची इंग्रजीची ओढ नाकारण्यातही अर्थ नाही. परंतु मुलाला पुढच्या पायरीसाठी घडविणे हे जितके कर्तव्य आहे, तितकेच ती पायरी मुलाच्या पावलाला झेपेल अशी बांधणे हेही समाजाचे कर्तव्य आहे, हा वर्ध्याचा १९३७ चा आग्रह आजही यथार्थ आहे. चौथीवर थांबलेल्या एका माणसाने इतरांसाठी विद्यालय उभारले, त्या विद्यालयाने देशाला विचार करावयास लाविले. त्या जिल्ह्यातील एकही मूल केवळ कागदपत्रांच्या, अंतराच्या किंवा भीतीच्या कारणाने मागे राहू नये, एवढा निर्धार येथील शाळांनी, पंचायतींनी आणि पालकांनी मिळून करावा.