सामाजिक जालविश्लेषण : पुरवठा साखळीतील उपयोजन

माणसे, संस्था किंवा कारखाने यांचे परस्परसंबंध बिंदू आणि दुवे यांच्या रूपात मांडून कोणाची जागा किती मोक्याची आहे, हे मोजण्याची पद्धत. जेकब मोरेनो यांनी १९३४ मध्ये छोट्या गटांतील आवडीनिवडींचे आलेख प्रसिद्ध केले आणि तिचा पाया घातला. मालवाहतूक व पुरवठ्याच्या अभ्यासात ती बऱ्याच उशिरा शिरली.

या पद्धतीत दोन मापे सर्वाधिक वापरात आहेत. एखाद्या बिंदूला किती दुवे आहेत, हे पहिले. दुसरे लिंटन फ्रीमन यांनी १९७७ मध्ये मांडलेले : इतरांमधले सर्वांत जवळचे मार्ग किती वेळा त्या बिंदूतून जातात, ही त्याची मध्यस्थता. मोठ्या उलाढालीच्या कारखान्याचीही मध्यस्थता नगण्य असू शकते, आणि एखादा लहानसा जॉबवर्कवाला सगळ्यांना अडवून धरू शकतो.

करवीर तालुक्यातील उचगाव परिसरात हे डोळ्यांनी दिसते. पुणे–बंगळूर महामार्ग शिरोलीकडून पंचगंगा ओलांडतो, तावडे हॉटेलपाशी कोल्हापूरचा फाटा सोडतो आणि उचगाववरून गोकुळ शिरगाव, कागलकडे जातो. नदीच्या उत्तरेला शिरोलीची औद्योगिक वसाहत, दक्षिणेला गोकुळ शिरगावची. उचगावशेजारी गांधीनगरची घाऊक कापडपेठ. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ च्या महापुरांत शिरोलीजवळ महामार्गावर पाणी आले आणि वाहतूक काही दिवस बंद पडली; २०१९ मध्ये गोकुळ दूध संघाच्या दुधाचा मुंबईचा पुरवठाही कोलमडला. महामार्गाचा पंचगंगेवरचा पूल कोणाच्याच पुरवठादारांच्या यादीत नसतो, पण मध्यस्थता त्याचीच सर्वांत जास्त. अर्थात, काटेकोरपणे पाहता हे वाहतूकजालाचे विश्लेषण झाले. सामाजिक जाल सुरू होते ते व्यवहार करणाऱ्यांपासून.

कोल्हापूरच्या फाउंड्री उद्योगात तसे व्यवहार दाट आहेत. पॅटर्न (साच्याचा नमुना) एकाकडे, कोअर (आतली पोकळी घडवणारा वाळूचा गाभा) दुसऱ्याकडे, ओतकाम स्वतःच्या भट्टीत, मशीनिंग नदीपलीकडे, असा एका कास्टिंगचा प्रवास असू शकतो. समजा, खबरदारी म्हणून एखाद्याने दोन कोअरवाले धरले आणि दोघेही वाळू बांधणारे रेझिन एकाच व्यापाऱ्याकडून घेतात; तर ती खबरदारी कागदावरचीच. मालकाला आपला पुरवठादार ठाऊक असतो, पुरवठादाराचा पुरवठादार सहसा नसतो. पूर्ण जाल मांडल्यावरच ही गाठ दिसते.

किम, चोई, यान आणि डूली यांनी २०११ मध्ये होंडाच्या अकॉर्डसह तीन मोटारींच्या पुरवठाजालांचा या पद्धतीने अभ्यास केला. माल कोणाकडून कोणाकडे जातो आणि करार कोणाचा कोणाशी आहे, यांचे नकाशे त्यांनी वेगळे काढले. ही वेगळी मांडणी महत्त्वाची; गांधीनगरच्या पेठेतही कापडाच्या गठ्ठ्यांची वाट आणि उधारीची वाट एकच असेल असे नाही.

दुवे संकटात कसे कामी येतात, याचे गाजलेले उदाहरण जपानचे. १ फेब्रुवारी १९९७ रोजी टोयोटाला सुटे भाग पुरवणाऱ्या आयसिनच्या कारिया येथील कारखान्याला आग लागली. टोयोटाच्या ब्रेकमधला एक छोटा व्हॉल्व्ह जवळजवळ सगळा तिथेच बनत असल्याने टोयोटाचे उत्पादन थांबले. सुमारे दोनशे कंपन्या मदतीला आल्या, त्यांत शिलाई यंत्रे बनवणारी ब्रदरही होती, आणि काही दिवसांत कारखाने पुन्हा चालू झाले. ज्या जालातल्या एकवटलेपणाने घात केला, त्याच जालातल्या जुन्या ओळखींनी सावरले.

पद्धतीची मुख्य अडचण माहितीची. ई-वे बिलांवरून मालाची ये-जा कळते, पण महाराष्ट्रात राज्यांतर्गत १ लाख रुपयांपर्यंतच्या मालाला ते लागत नाही. म्हणजे शिरोलीहून गोकुळ शिरगावला मशीनिंगसाठी जाणारा टेम्पोभर माल त्यात उमटेलच असे नाही. शिवाय आपला ग्राहक कोण, हे सांगायला कोणता कारखानदार खुशीने तयार होतो? प्रत्यक्ष मुलाखती घेऊन, आणि नावे गुप्त ठेवण्याची हमी देऊनच, असे जाल उभे करावे लागते.