फादर स्टीफन्स आणि लोकभाषेची साधना

सुवार्तेच्या सेवेसाठी परप्रांती गेलेल्या सेवकाचा पहिला गुरू कोण, असा प्रश्न केला तर त्या गावचा माणूस हेच त्याचे उत्तर द्यावे लागेल. ज्यांना शिकवावयाचे त्यांच्यापाशीच प्रथम शिष्य होऊन बसावे लागते. हे तत्त्व बोलावयास सोपे व आचरावयास कठीण आहे. गोमंतकातील सासष्टी प्रांतात सुमारे चाळीस वर्षे राहिलेल्या फादर थॉमस स्टीफन्स यांच्या चरित्रात त्याची सारी किंमत दिसून येते. त्या चरित्राचा उजेड आणि त्याभोवतीची छाया या दोहोंचा विचार येथे आम्ही करणार आहोत.

इंग्लंडच्या विल्टशायर परगण्यातील हा तरुण १५७५ मध्ये रोम येथे येशूसंघात दाखल झाला. ४ एप्रिल १५७९ रोजी लिस्बनहून निघून २४ ऑक्टोबर रोजी तो गोव्यास पोहोचला. पुढे सासष्टीतील खेडी हेच त्याचे कार्यक्षेत्र झाले. १५८३ मध्ये आपल्या भावास लिहिलेल्या पत्रात त्याने येथील भाषांविषयी आदराने लिहिले. त्यांचे उच्चार कानास गोड लागतात आणि त्यांची रचना ग्रीक व लॅटिन भाषांशी मिळतीजुळती आहे, असे त्याचे मत पडले. विल्यम जोन्स यांनी १७८६ मध्ये संस्कृताविषयी असाच विचार मांडला, त्याच्या दोनशे वर्षे आधीची ही गोष्ट आहे.

परंतु तो काळ कसा होता हे विसरून चालणार नाही. १५६७ मध्ये सासष्टीतील देवळे पाडण्यात आली होती. लोकांचे पूर्वापार ग्रंथ निषिद्ध ठरले होते. जुलै १५८३ मध्ये कुंकळ्ळी येथे फादर रुदोल्फ आक्वाव्हिव्हा यांच्यासह येशूसंघाच्या पाच जणांची हत्या झाली. त्यांचे देह मिळवून त्यांस मूठमाती देण्याच्या कामी फादर स्टीफन्स होते. पुढे सत्ताधाऱ्यांनी गावच्या पुढाऱ्यांना बोलणी करण्याच्या निमित्ताने बोलावून ठार केले. हा सारा रक्तपात ज्या भूमीवर झाला, त्याच भूमीवर बसून हा पाद्री तेथील क्रियापदे आणि विभक्ती शिकत होता. त्याच्या साधनेचे गुणगान करताना या वस्तुस्थितीवर पांघरूण घालण्याचा अधिकार आम्हांस नाही.

लोकांत राहिल्याने त्याच्या एक मर्मस्थान ध्यानी आले. सासष्टीच्या लोकांची घरची बोली कोकणी होती. पण कथाश्रवणाची व पुराणाची भाषा मराठी होती. म्हणून त्याने दोन्ही भाषांची कास धरली. प्रश्नोत्तररूप ख्रिस्ती धर्मशिक्षणाचे पुस्तक त्याने कोकणीत लिहिले. ते त्याच्या पश्चात १६२२ मध्ये छापले गेले. त्याने रचलेले कोकणीचे व्याकरण फादर दियोगो रिबेरो यांनी वाढविले व १६४० मध्ये ते राशोल येथे प्रसिद्ध झाले. मात्र ख्रिस्तचरित्र सांगण्यासाठी त्याने मराठी ओवीच निवडली.

या निवडीचे कारण त्याच्या ग्रंथाच्या आरंभीच सापडते. एक नवख्रिस्ती ब्राह्मण पाद्रीला विनवितो की, आमची जुनी पुराणे आमच्यापासून दूर झाली, तर त्यांच्या जागी आम्हांला काहीतरी द्या. आमच्या मते या मागणीत संपूर्ण मिशनशास्त्र सामावले आहे. लोकांना प्रार्थना पाठ येत होत्या, धर्माज्ञा म्हणता येत होत्या. तरी त्यांचे कान उपाशी होते. ज्यांनी त्यांची पुराणे काढून घेतली त्यांच्याकडूनच त्यांनी पुराण मागितले. फादर स्टीफन्सने ती हाक ऐकली, कारण ती कोणत्या भुकेची आहे हे कळण्याइतका तो त्यांच्यात राहिला होता.

त्याचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये राशोल येथे छापले गेले. गोव्यात उतरल्यास तेव्हा सदतीस वर्षे लोटली होती. सुमारे अकरा हजार ओव्यांच्या या ग्रंथात मराठीची स्तुती आहे. पण पांडित्याचा हट्ट नाही. शुद्ध मराठी सामान्य जनांस उमगत नाही, म्हणून लोकांच्या बोलीतील सोपे शब्द त्यात मिसळले, असे तो स्वतः सांगतो. स्वर्गासाठी त्याने ‘वैकुंठ’ हा शब्द घेतला. उलट ख्रिस्ती धर्मातील काही विशिष्ट संज्ञा युरोपीय रूपातच ठेवल्या. कोणता शब्द स्वीकारावा आणि कोणता टाळावा, हा विवेक कोशातून येत नाही; तो सहवासातूनच येतो.

त्याची एक इच्छा मात्र अपुरी राहिली. १६०८ मध्ये त्याने रोमला पत्र लिहून या देशाच्या लिपीत ग्रंथ छापण्याची अनुज्ञा मागितली. अक्षरांचे सहाशे साचे लागतील ही अडचण खरी. पण ते दोनशेवर आणता येतील, असा हिशेबही त्याने मांडला. ते घडले नाही आणि पुराण रोमन लिपीत निघाले. १६१९ मध्ये तो निवर्तला. १६८४ मध्ये तर राजाज्ञेने लोकांनी तीन वर्षांत आपली भाषा सोडून पोर्तुगीज बोलावी असे फर्मावले गेले. राजाज्ञा निघाली तरी ओव्या राहिल्या. कानडा प्रांतात जाऊन वसलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनी हस्तलिखिते जतन केली. त्यांच्या आधारे १९०७ मध्ये मंगळूर येथे नवी आवृत्ती निघाली आणि १९५६ मध्ये पुण्यास हा ग्रंथ देवनागरीत छापला गेला.

यातून आम्ही काय घ्यावे? दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ च्या मिशनकार्यविषयक आदेशात मिशनरीने लोकांची भाषा शिकावी असे स्पष्ट सांगितले आहे. पण भाषा शिकणे आणि भाषेपुढे नम्र होणे यांत अंतर आहे. सत्तेच्या बळावर शिकविणाऱ्याला लोकांची भाषा केवळ आज्ञा देण्यापुरती लागते. त्यांचा प्रश्न ऐकण्यासाठी ती शिकणारा विरळा. सीमाभागात, इंदूर-बडोद्याकडे वा हैदराबादेत आपल्या पुष्कळ धर्मग्रामांत उपासनेची भाषा एक, घरची दुसरी आणि मुलांच्या शाळेची तिसरी असते. तेथे नेमणूक झालेल्या धर्मगुरूने व धर्मशिक्षकाने प्रवचनाची तयारी करण्याआधी ही माणसे कोणत्या भाषेत रडतात, कोणत्या भाषेत गातात आणि आपण त्यांच्याकडून नकळत काय काढून घेतले आहे, याचा शोध घ्यावा. तो लागेपर्यंत वर्षे गेली तरी ती वाया गेली असे समजू नये. सासष्टीच्या त्या पाद्रीला सदतीस वर्षे लागली होती.