कोऱ्या चिपमध्ये प्रोग्रॅम कसा भरतात?

नागपुरात प्रोजेक्टचे दिवस आले की अभियांत्रिकीचे विद्यार्थी सुट्या भागांसाठी सीताबर्डीच्या इलेक्ट्रॉनिक्स दुकानांत जातात. नवी चिप बोर्डावर बसवली, पण संगणकाला ती सापडलीच नाही, तर लगेच दुसरी आणू नये. पुष्कळदा चूक जोडणीत असते.

अर्डुइनो उनोवर एटीमेगा ३२८पी हा मायक्रोकंट्रोलर असतो. त्यात बूटलोडर आधीच भरलेला असल्याने यूएसबी केबल पुरते. सुटी, कोरी चिप घेतली तर प्रोग्रॅमर हे छोटे उपकरण लागते. यूएसबीएएसपी हा त्यातला स्वस्त आणि प्रचलित प्रकार.

सहा तारा

- मोसी : प्रोग्रॅमरकडून चिपकडे माहिती
- मिसो : चिपकडून परत येणारी माहिती
- एससीके : दोघांचा ताल राखणारा क्लॉक
- रीसेट : चिपला प्रोग्रॅमिंगसाठी थांबवून ठेवणारी तार
- व्हीसीसी : वीजपुरवठा
- ग्राउंड : दोन्हीकडे समान असलेच पाहिजे

येथे मोसी मोसीला आणि मिसो मिसोलाच जोडतात. सिरियल पोर्टसारखी अदलाबदल करायची नसते.

जोडण्यापूर्वी

बोर्डाचा वीजपुरवठा बंद करा. कनेक्टरची १ नंबरची पिन ओळखा. बोर्डावर तिच्याजवळ बहुधा ठिपका किंवा त्रिकोण छापलेला असतो. कनेक्टर उलटा बसला तर वीज भलत्याच पिनवर जाऊ शकते. बोर्ड ३.३ व्होल्टचा असेल, तर ५ व्होल्टच्या प्रोग्रॅमरने त्यावरचे सेन्सर किंवा मेमरी कार्ड जळू शकते.

चिप सापडत नसेल तर

आधी मल्टिमीटरने प्रत्येक तार तपासा. मग वेग बघा. कोरी एटीमेगा ३२८पी कारखान्यातून १ मेगाहर्ट्झवर चालण्यासाठी सेट होऊन येते. प्रोग्रॅमरचा क्लॉक त्याच्या चौथ्या हिश्श्यापेक्षा, म्हणजे २५० किलोहर्ट्झपेक्षा कमी हवा. सॉफ्टवेअरमधून किंवा प्रोग्रॅमरवरच्या जंपरने वेग कमी करता येतो. तरीही जमले नाही, तर याच तारांवर बोर्डातला दुसरा एखादा भाग जोडलेला आहे का, ते पाहा.

जोडणी बरोबर असेल, तर चिप आपली ओळख सांगते. एटीमेगा ३२८पीची ओळख १ई ९५ ०एफ अशी आहे. ती दिसेपर्यंत फ्यूज सेटिंगला हात लावू नये. रीसेट पिन बंद करणारा फ्यूज चुकून बदलला, तर या सहा तारांनी चिप पुन्हा उघडत नाही; त्यासाठी १२ व्होल्ट देणारा वेगळा प्रोग्रॅमर लागतो.